व्हिडिओ करणाऱ्यांची नावेही छापावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहानपणी पाहिलेल्या गाण्यांच्या व्हिडिओंविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून येणारे लेखन एकतर स्मरणरंजनात रमते, नाहीतर आजच्या फूटपट्टीने त्यांना नापास करून मोकळे होते. स्त्रियांना शोभेपुरते उभे करणारे व्हिडिओ पुष्कळ होते आणि ते आज खटकतात, हे खरेच. परंतु तेच व्हिडिओ मोठेपणी पुन्हा पाहताना प्रथमच जाणवतात ती पडद्यामागची माणसे, आणि नेमका त्यांचाच उल्लेख या लेखनात क्वचित आढळतो.

‘आ-हा’ या नॉर्वेच्या बँडचे ‘टेक ऑन मी’ (१९८५) पाहावे. कॉमिक्सच्या पानातून पेन्सिलीने रेखाटलेला हात बाहेर येतो आणि तरुणी त्या चित्रात शिरते. मुलांना ही निव्वळ जादू वाटते. मोठेपणी लक्ष जाते ते सतत थरथरणाऱ्या रेषांकडे. मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी चित्रित दृश्यांवरून सुमारे ३,००० चौकटी (फ्रेम्स) हाताने रेखाटल्या होत्या, त्यासाठी १६ आठवडे खर्ची पडले होते आणि एका चौकटीतील रेघ पुढच्या चौकटीतील रेघेशी तंतोतंत जुळणे शक्यच नव्हते, म्हणून ती थरथर. (तरुणी बिल बुडवून पळाली असे समजून वेट्रेस ते कॉमिक्स चुरगळून फेकते, तेव्हा लहानपणी तिचा राग येतो, स्वतःची बिले भरू लागल्यावर तिचीही बाजू पटते.) ‘स्लेजहॅमर’ या गाण्याच्या व्हिडिओमध्ये (१९८६) क्षणाक्षणाला बदलणाऱ्या चेहऱ्यामागे गायक पीटर गॅब्रिएल यांनी एकेक चौकट टिपली जात असताना काचेखाली १६ तास पडून राहणे आहे, हेही तेव्हा कोणाला सुचले नसते.

ही नावे ठाऊक नसण्याचा दोष प्रेक्षकांचा नव्हता. १९८१ मध्ये सुरू झालेल्या एमटीव्ही या अमेरिकी संगीतवाहिनीने गाण्याच्या तपशिलासोबत दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर देण्यास १९९२ मध्ये सुरुवात केली. त्यामुळे ‘टेक ऑन मी’ आणि मायकेल जॅक्सन यांचे ‘बिली जीन’ (१९८३) हे दोन्ही व्हिडिओ स्टीव्ह बॅरन या एकाच दिग्दर्शकाचे आहेत, हे ते वारंवार पाहणाऱ्यांनाही कळण्याची सोय नव्हती.

आठवणींवर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे: जे दाखवलेच गेले नाही, ते आठवणार कसे? या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का दिसतात आणि दिसले तरी उत्तररात्रीच का, हा प्रश्न ब्रिटिश गायक डेव्हिड बॉवी यांनी १९८३ मध्ये त्याच वाहिनीच्या मुलाखतकाराला विचारला होता. आपल्या आवडत्या यादीत कोण होते यासोबत कोण नव्हते, याचा विचार मोठ्या माणसाने करायला हवा.

तेव्हा अशा लेखांत प्रत्येक व्हिडिओसोबत त्याचे वर्ष, दिग्दर्शक आणि जिथे लागू असेल तिथे चित्रकार व नृत्यदिग्दर्शक यांची नावे छापावीत, अशी विनंती आहे. त्यासाठी एखादी ओळ पुरेशी होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक