जर्मन शिकवा, पण मराठीतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या मुली मला फोन करून एकच विचारतात, ‘जर्मन जमेल का गं? आमचं शिक्षण मराठीतून झालंय.’ त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे. जे वर्ग चालवतात आणि जे त्यांचे अभ्यासक्रम ठरवतात, त्यांनीही ते वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

मी कुडाळ तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग जीएनएम हा परिचारिकेचा अभ्यासक्रम, तीन वर्षं कोल्हापूरला नोकरी. बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंतचं जर्मन पुण्यात शिकले. आता याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या रॉयटलिंगेन शहरात एका रुग्णालयात अनुकूलन प्रशिक्षण, म्हणजे बाहेरून शिकून आलेल्या परिचारिकांना इथल्या कामासाठी तयार करणारं प्रशिक्षण, घेते आहे. परिचारिका म्हणून इथली मान्यता मिळायला त्यापुढची बी२ पातळी लागते. त्यामुळे सकाळी वॉर्ड आणि आठवड्यातून दोन दिवस दुपारनंतर भाषेचा वर्ग असा माझा क्रम आहे. त्यातला गेला मंगळवार सांगते.

पहाटे साडेचारला उठले. बाहेर काळोख होता, आखाल्मचा डोंगरही दिसत नव्हता. सहाला पहिली पाळी सुरू होते आणि ती ‘युबरगाबं’ने, म्हणजे रात्रपाळीची परिचारिका एकेका रुग्णाची माहिती देते त्याने. ती दमलेली असते, तिला घरी जायचं असतं, म्हणून ती भरभर बोलते. सुरुवातीचे दोन महिने मला या वीस मिनिटांची धास्ती वाटायची. शब्द कळायचे, आकडे निसटायचे. रक्तदाब १५३ असेल तर जर्मनमध्ये ‘शंभर, तीन आणि पन्नास’ म्हणतात. आमच्या पुण्याच्या वर्गात सगळं इंग्रजीतून समजावलं जाई. तिथे सांगितलं होतं, ‘हे उलटं असतं, एक जागा रिकामी सोडा, आधी शेवटचा आकडा लिहा आणि मग मधला भरा.’ मी तसंच करत राहिले आणि प्रत्येक वेळी मधला आकडा भरेपर्यंत पुढचा रुग्ण येई.

मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं की त्रेपन्न म्हणजे तरी काय? त्रे आधी, पन्न नंतर. सत्त्याऐंशी? सात आधी, ऐंशी नंतर. जर्मन आकडे इंग्रजीच्या मानाने उलटे आहेत, माझ्या मानाने सरळच आहेत. एकोणतीस, एकोणचाळीस असे ‘एकोण’वाले सोडले तर सगळी उजळणी त्याच क्रमाने चालते. त्या दिवसापासून मी ‘ड्राय-उंड-फ्युन्फ्त्सिश’ ऐकलं की थेट त्रेपन्न लिहिते. इंग्रजीतून वळसा घालत नाही. मंगळवारी अकरा रुग्णांचे आकडे लिहिले, एकही परत विचारावा लागला नाही.

(२०१९ साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांना ते फार लागलं होतं. इथे आल्यावर कळलं की जर्मनीतही ‘त्स्वान्त्सिशआइन्स’, म्हणजे ‘वीस-एक’, याच नावाची एक संस्था आहे आणि आकडे असेही वाचू द्यावेत असं तिचं म्हणणं आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्पच बसले.)

साडेसहाला आंघोळी घालायला, कपडे बदलायला सुरुवात होते. आपल्याकडे ही कामं बहुतेक नातेवाईक करतात, इथे ती परिचारिकेचीच असतात. ती मला कधी कमीपणाची वाटली नाहीत, कारण खरं बोलणं तेव्हाच होतं. आणि हे बोलणं पुस्तकातल्या जर्मनमध्ये नसतं. इथली म्हातारी माणसं श्वेबिश ही इथली जर्मन बोली बोलतात. या राज्याची २०२१ पर्यंत एक प्रसिद्ध घोषणाच होती, ‘आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून.’

चार नंबरच्या खोलीत ८४ वर्षांच्या आजी आहेत. मी आले त्या पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या की त्यांचा ‘फूस’ दुखतोय. माझ्या वहीत फूस म्हणजे इंग्रजीतलं ‘फूट’, घोट्याखालचं पाऊल. मी मोजा काढला, तळवा पाहिला, बोटं पाहिली, काही नव्हतं. आजी सारख्या मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी माझा हात धरून पोटरीवर ठेवला. पोटरी गरम आणि सुजलेली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची अशी पोटरी म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते, हे कुठल्याही परिचारिकेला माहीत असतं. मी धावत जाऊन वरिष्ठ परिचारिकेला बोलावलं. पुढचं सगळं वेळेत झालं, पण माझी ती पाच-सात मिनिटं तळव्यापाशी गेली होती.

श्वेबिशमध्ये फूस म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंत सगळा पाय. मराठीत आपण काय म्हणतो? ‘पाय.’ कोल्हापुरात कुणी ‘सिस्टर, पाय दुखतोय’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘कुठे? मांडी, पोटरी की घोटा?’ माझ्या वहीत इंग्रजी शब्दाच्या जागी नुसता ‘पाय’ लिहिलेला असता, तर तोच प्रश्न त्या दिवशीही माझ्या तोंडून निघाला असता. हे मी विसरू शकत नाही आणि या पत्राचं खरं कारण तेच आहे.

आता मी तीन रकान्यांची वही ठेवते : मराठी, जर्मन, श्वेबिश. ‘टेपिश’ म्हणजे प्रमाण जर्मनमध्ये गालिचा, इथल्या आजीआजोबांच्या तोंडी घोंगडी. ‘हेबन’ म्हणजे पुस्तकात उचलणं, यांच्यात धरून ठेवणं. रुग्णाला उठवताना हा फरक कळला नाही तर कुणीतरी पडेल. मंगळवारी सात नंबरच्या आजोबांनी मला विचारलं, ‘आमची बोली तुला कळत नसेल ना? मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करतो.’ मी म्हटलं, नको, तुम्ही तुमचंच बोला. शाळेत मालवणीत उत्तर दिलं म्हणून मी ओरडा खाल्लेला आहे. आजारी माणसाला त्याची बोली बदलायला लावणं मला जमणार नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्या बोलीत मुलीला ‘तां चेडू’ म्हणतात, नपुंसकलिंगात. ते उठूनच बसले. जर्मनमध्येही मुलगी, ‘दास मेडशन’, नपुंसकलिंगीच आहे. पुण्याच्या वर्गात यावर सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता, मुलगी ‘ते’ कशी? मालवणी मुलखात हा प्रश्न कुणाला पडला नसता.

दोनला पाळी संपली. अडीचला घरी फोन केला, तिकडे संध्याकाळचे सहा, आई तुळशीपाशी दिवा लावत होती. या ‘अडीच’चीही गोष्ट आहे. इथे अडीचला ‘हाल्ब ड्राय’ म्हणतात, शब्दशः ‘अर्धा तीन’. ‘हाल्ब’ ऐकलं की माझ्या डोक्यात ‘साडे’ यायचं आणि म्हणून परवान्याच्या कामासाठी दिलेल्या वेळेला मी अडीचऐवजी साडेतीनला पोचले होते. पुढची तारीख मिळायला पाच आठवडे गेले. रडत रडत बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘अगं, अडीच म्हणजे अर्धतृतीय. दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. तुझे जर्मन तेच तर म्हणतायत.’ मग दीडसाठी इथे असलेला जुना शब्द मी त्यांना सांगितला, ‘आन्डर्टहाल्ब’, म्हणजे दुसऱ्याचा अर्धा. बाबा म्हणाले, दीड म्हणजे द्व्यर्ध, हाही तोच. त्यांनी आयुष्यात जर्मनचं एक अक्षर वाचलेलं नाही. पण त्या दहा मिनिटांत त्यांनी मला जे शिकवलं, ते पैसे भरून लावलेल्या वर्गात मिळालं नव्हतं.

साडेचार ते पावणेआठ भाषेचा वर्ग. आम्ही चौदा जण आहोत. सीरियाचे, युक्रेनचे, फिलिपिन्सचे, एक ब्राझीलची मुलगी. मंगळवारी विभक्ती होती. शिक्षिकाबाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘मी आजीला पाणी देते.’ आजी कोणत्या विभक्तीत आणि पाणी कोणत्या? पुण्यात हेच ‘डायरेक्ट ऑब्जेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट ऑब्जेक्ट’ म्हणून शिकवलं होतं आणि माझ्यासारख्या चार-पाच जणी पुरत्या गोंधळल्या होत्या. त्यातली एक, माझ्याहून हुशार, लातूरकडची, ए२ नंतर, म्हणजे बी१च्या आधीच्या पातळीनंतर, सोडून गेली. ‘मला इंग्रजीच येत नाही, तर जर्मन काय येणार,’ म्हणाली. तिला इंग्रजीतल्या संज्ञा येत नव्हत्या, पण विभक्ती येत होत्या. सातवी-आठवीत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठीचे तक्ते तिने माझ्यासारखेच घोकले असणार. जर्मनच्या चार विभक्ती नेमक्या याच आहेत. ‘आजीला’ चतुर्थी, ‘पाणी’ द्वितीया, संपलं. दोन्हीकडे आपला प्रत्यय ‘ला’च असतो म्हणून सुरुवातीला थोडं अडतं, पण ते एका तासात सुटण्यासारखं आहे.

आणि इतकंच नाही. ‘मला थंडी वाजते’, ‘मला हे आवडतं’ ही वाक्यं जर्मनमध्येही ‘मला’नेच सुरू होऊ शकतात. ‘कारण’ म्हटलं की पुढच्या वाक्याचं क्रियापद शेवटी जातं, याने माझे बरेच वर्गमित्र हैराण होतात. आपलं क्रियापद तर एरवीही शेवटीच असतं. तू आणि तुम्ही हा भेद त्यांच्यातही आहे. ‘श्मेर्त्सन’ (वेदना) मधला त्स हा आपल्या चमच्यातला, चुलीतला च. तीन लिंगं आहेत, हे ऐकून मराठी माणसाने दचकायचं कारण नाही.

अवघड आहे तेही सांगते. लिंगं तीन असली तरी आपल्याशी जुळत नाहीत, प्रत्येक नाम त्याच्या लिंगासकट पाठ करावं लागतं. माझ्या खोलीच्या भिंतीवर निळ्या, लाल, हिरव्या चिठ्ठ्या आहेत. क्रियापदाचा तुकडा सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो, ते आपल्याकडे नाही. आणि ओठ ‘उ’चे करून ‘ई’ म्हणायचा जो स्वर आहे, तो मला अजून रोज आरशासमोर म्हणावा लागतो.

माझं मागणं थोडं आहे. शासनाने किंवा खासगी संस्थांनी महाराष्ट्रात जे वर्ग घ्यायचे, त्यांत व्याकरण मराठीतून समजावावं. प्रथमा-द्वितीया, पाढे, अडीच-दीड, सगळं वापरावं. मराठी-जर्मन अशी परिचारिकांसाठी छोटी शब्दसंग्रहाची पुस्तिका काढावी. तिच्यात ‘फूस’पुढे ‘पाऊल; काही भागांत सगळा पाय’ असं लिहावं. ज्या राज्याशी करार केला आहे, त्या राज्याची बोली निदान कानावर पडेल एवढं तरी बी१ पूर्वी ऐकवावं. आणि इंग्रजी कच्चं आहे म्हणून कुठल्याही मुलीला वर्गातून परत पाठवू नये.

लातूरकडच्या त्या मैत्रिणीला मी मंगळवारी रात्री वर्गाहून आल्यावर माझ्या वहीच्या पहिल्या चाळीस पानांचे फोटो पाठवले. तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती, तरी तिने लगेच उत्तर दिलं. विचारलं होतं, ‘चतुर्थीचं पान कुठलं?’ कुणी शिक्षक ही वही वापरणार असतील, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिला आहे. पूर्ण वही पाठवीन.

आपली विश्वासू,
एक परिचारिका
(मूळ कुडाळ तालुका, सध्या रॉयटलिंगेन, जर्मनी)