‘सर्व गिझरसाठी’ म्हणून विकलेला, आमच्या गिझरला न चालणारा स्मार्ट कंट्रोलर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेशी बोलून फोन ठेवला आणि पाठोपाठ ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज आला. निराकरण काहीही झालेलं नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहितोय.

तुमचा १६ अँपिअरचा वाय-फाय गिझर कंट्रोलर मी नवी पेठेतल्या दुकानातून घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘सर्व गिझरसाठी’ असं छापलंय. आमचा गिझर २५ लिटरचा, २००० वॅटचा, टच पॅनेलचा. त्याची लाईट तोडून परत दिली की तो स्टँडबायला जातो. पॅनेलवरचं बटण दाबल्याशिवाय कॉइल तापत नाही. असे बरेच गिझर बाजारात आहेत. जुन्या गोल नॉबच्या गिझरला ही अडचण नसते, सप्लाय आला की तो तापायला लागतो. तुमचा कंट्रोलर फक्त सप्लाय चालू-बंद करतो, त्यामुळे नॉबच्या गिझरवर चालतो आणि आमच्यासारख्यावर चालत नाही. वस्तू तुम्ही बनवता, तुम्हाला हे माहीत असणारच. माहीत असताना ‘सर्व’ छापलंत, हीच माझी तक्रार आहे.

पहाटे चारची वेळ लावली की बरोब्बर चारला ॲपवर ‘गिझर चालू’ असं हिरव्या अक्षरांत येतं. त्याच पानावर खाली वॅटचा आकडा दिसतो, तो असतो २. गिझर खरंच तापत असेल तर तिथे २००० च्या आसपास दिसायला हवं, म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या जवळ. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून बघितलं, गिझर करंट घेतच नव्हता. पाणी तापत नाहीये हे तुमच्याच मीटरला कळतं, तरी तुमचंच ॲप ‘चालू’ म्हणून सांगतं.

माझे वडील सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्यांबरोबर, चालतात. ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाचा दिवस, बाराबंदी हा यात्रेचा पांढरा पोशाख घालून पहाटेच निघायचं होतं. ‘गिझर चालू’ वाचून मी त्यांना अंघोळीला जा म्हटलं. जानेवारीतल्या पहाटे गार पाणी अंगावर घेऊन ते बाहेर पडले. त्यांचे गुडघे दुखतात. ते एक शब्द बोलले नाहीत, पण मला फार लागलं.

आता आजचं बोलणं. तुमच्या प्रतिनिधीला मी हे सगळं नीट समजावलं. त्याने विचारलं, “सर, ॲपवर चालू दिसतंय का?” म्हटलं, दिसतंय, पण पाणी गार आहे. “मग आमचं प्रॉडक्ट बरोबर चाललंय, सर.” मी वॅटचा आकडा सांगितला. तो म्हणाला, “तो फक्त माहितीसाठी असतो.” मग उपाय काय, असं विचारल्यावर म्हणाला, “ॲपवरून चालू केल्यावर गिझरजवळ जाऊन एकदा बटण दाबत जा.” अहो, बटण दाबायला पहाटे चारला मी उठायचंच असेल, तर तुमचा कंट्रोलर भिंतीवर कशाला? हे मी त्याला विचारलं. त्यावर उत्तर आलं, “सर, तुम्हाला वापरता येत नसेल तर घरातल्या तरुण मुलाला विचारा.” पंचवीस वर्षं मशिनींचे पॅनेल दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे ऐकवलं! त्याच्या वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं तर लाईन होल्डवर टाकली आणि थोड्या वेळाने कट झाली. त्यानंतरच तो निराकरणाचा मेसेज आला.

त्याआधी तुमचा टेक्निशियन घरी येऊन गेला. तो म्हणाला, गिझरचं पॅनेल काढून कॉइलला थेट वायर देतो, मग चालेल. मी त्याला स्क्रू खोलू दिला नाही. पॅनेल काढलं म्हणजे तापमानावरचा ताबा गेला, शिवाय अर्थिंग आणि सेफ्टी कटआउटशी खेळ. बाथरूममध्ये ओल्या अंगाने उभा असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे. असा सल्ला द्यायला त्याला कोणी शिकवलं, हे मला लेखी हवंय. गिझर कंपनीला विचारलं तर ते म्हणतात, बाहेरचा कंट्रोलर लावला तर वॉरंटी मिळणार नाही. दोघांनी हात झटकले आणि ग्राहक मधल्या मध्ये लटकला.

आमच्या घरातले सगळे स्विच तुमचेच आहेत. घर बांधताना वडिलांनी दुसरी कंपनी बघितलीसुद्धा नाही. म्हणून जास्त वाईट वाटतं.

कंट्रोलर परत घेऊन पूर्ण पैसे द्या. खोक्यावरचं ‘सर्व’ काढा आणि कोणत्या गिझरला चालत नाही ते तिथेच मराठीत छापा. सप्लाय चालू असून करंट जात नसेल तर ॲपने तसं सांगितलं पाहिजे. मीटर तुमच्याकडे आहेच. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि दिशाभूल करणारी जाहिरात काय असते तेही त्यात लिहिलंय. खोकं, बिल आणि ॲपचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत.

तुमचा ग्राहक,
होटगी रोड, सोलापूर