इंजिन व गिअरबॉक्सच्या फाउंडेशनबाबत दिलेला चुकीचा सल्ला आणि त्यामुळे झालेले नुकसान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी इंदूरच्या राजेंद्रनगर भागात राहतो आणि माझी मारुती जिप्सी किंग ऑटोक्रॉससाठी, म्हणजे कच्च्या मैदानावरच्या शर्यतींसाठी, स्वतः तयार करून चालवतो. गाडी निव्वळ हौसेची आहे, तिच्यावर मी कोणताही व्यवसाय करत नाही. दिवाळीच्या आधी आपल्या कंपनीकडून मी या गाडीसाठी इंजिनाची दोन आणि गिअरबॉक्सचे एक अशी तीन फाउंडेशने (इंजिन व गिअरबॉक्स ज्यांवर टेकून गाडीला बसतात ते आधार) 14,800 रुपयांना विकत घेतली. ती बसवल्यानंतर सरावाच्या तिसऱ्याच दिवशी गिअरबॉक्सच्या मागच्या कवचाचा कान, म्हणजे फाउंडेशनचा बोल्ट जिथे बसतो तो पुढे आलेला भाग, बोल्टच्या भोकापाशी तुटला. हे नुकसान आपल्या प्रतिनिधीने दिलेल्या सल्ल्यामुळे झाले, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

मला फाउंडेशने बदलावीशी का वाटली, ते आधी सांगतो. जिप्सीत गिअरची दांडी थेट गिअरबॉक्सवर बसलेली असते, त्यामुळे मूळ रबर सैल पडले की गिअरबॉक्सबरोबर दांडीही हलते. माळव्यातली काळी माती पावसाळ्यानंतर वाळली की तिच्यातल्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात, आणि अशा मैदानावर दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकताना माझा हात वारंवार चुकत असे. शिवाय जोर दिला की इंजिन डाव्या बाजूने वर उचलले जाते, त्या बाजूचे रबर दाबले न जाता ताणले जाते आणि लोखंडी पट्टीपासून सुटते. माझ्या गाडीत हे दोन हंगामांत दोनदा झाले. म्हणून मी आपल्याकडे तिन्ही फाउंडेशने पॉलियुरेथेनची (रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकची) आणि एकाच, म्हणजे शोअर ए या कडकपणाच्या मापावर 80, कडकपणाची मागितली होती. मूळ रबराचा कडकपणा साधारण 50 ते 60 च्या घरात असतो. 95 पर्यंत गेले तर चार सिलिंडरच्या इंजिनाचे कंपन जवळजवळ जसेच्या तसे चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, उतरते, आणि दर आठवड्याला प्रत्येक बोल्ट तपासत बसण्याइतकी माणसे माझ्याकडे नाहीत. त्यामुळे 80 हा आकडा मी विचार करूनच ठरवला होता.

मात्र मागणी नोंदवल्यावर आपल्या तांत्रिक विभागातून मला फोन आला. इंजिनाची दोन फाउंडेशने पॉलियुरेथेनचीच ठेवावीत, पण गिअरबॉक्सखाली ॲल्युमिनियमचे भरीव फाउंडेशन घ्यावे, म्हणजे दांडी मुळीच हलणार नाही आणि इंजिनाचे कंपनही वाढणार नाही, असे मला सांगण्यात आले. मी दोनदा विचारले की पुढे लवचीक आणि मागे भरीव असे चालेल का. आपल्या प्रतिनिधीने दोन्ही वेळा, शर्यतीच्या गाड्यांत असेच करतात, असे उत्तर दिले. या विषयात माझ्यापेक्षा आपला अनुभव मोठा आहे असे समजून मी मागणी बदलली.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जखडलेले असतात, म्हणजे फाउंडेशनच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे. जिप्सीच्या 1298 सीसी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर, 103 न्यूटन मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे 3.65 पट होतो, म्हणजे सुटतानाच्या क्षणी या जोडीला आडवी पिळणारी उलट शक्ती पावणेचारशे न्यूटन मीटरच्या आसपास जाते. तिन्ही फाउंडेशने सारखी लवचीक असतील तर सगळी जोडी एकदम थोडीशी कलते आणि परत जागेवर येते. पण पुढची दोन लवचीक ठेवून मागचे भरीव केले, तर इंजिन कलू पाहते आणि गिअरबॉक्सचे शेपूट मात्र क्रॉसमेंबरला, म्हणजे चॅसीच्या आडव्या पट्टीला, घट्ट धरलेले असते. मग ती सगळी पिळवटणूक ॲल्युमिनियमच्या ओतीव कवचाने सोसायची असते. त्यात जिप्सी शिडीच्या आकाराच्या चॅसीची गाडी, खड्ड्यात एक चाक गेले की चॅसी स्वतःच मुरडते, आणि तो पीळही त्याच कानावर येतो. इंजिन भरीव फाउंडेशनवर बसवून गिअरबॉक्सला थोडी लवचीकता ठेवलेली एक वेळ चालते. त्याच्या उलट करू नये, हे गाड्या तयार करणाऱ्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला ठाऊक असते.

तुटलेला तुकडा माझ्यासमोर आहे. भोकाच्या कडेपासून अर्ध्याहून थोडा अधिक भाग काळपट, गुळगुळीत आणि तेल शिरलेला आहे, तर उरलेला भाग साखर फोडावी तसा दाणेदार आणि चमकदार आहे. एका दणक्यात तुटला असता तर सगळा कान दाणेदारच दिसला असता. पहिल्या दिवसापासून चीर थोडी थोडी पुढे सरकत होती आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या भागाने दम सोडला, हे यावरून कळते. तेव्हा ‘चालकाने गाडी आपटली असेल’ हे आपल्या पहिल्या ईमेलमधले उत्तर मला मान्य नाही.

नंतर पीथमपूरच्या एका रबर मोल्डिंगच्या कारखान्यात मी आपली इंजिनाची दोन्ही फाउंडेशने ड्युरोमीटरवर, म्हणजे कडकपणा मोजण्याच्या उपकरणावर, तपासून घेतली. 80 म्हणून विकलेल्या मालाचे आकडे 66 आणि 68 आले. पाचाचा फरक मी समजू शकतो, बारा-चौदाचा नाही. दोन्हींवर कडकपणाचा आकडा कोरलेला नाही, फक्त रंग लाल आहे, आणि रंगावरून कडकपणा ओळखण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. पुढची बाजू ठरल्यापेक्षा मऊ निघाल्याने मागच्या कानावरचा ताण आणखी वाढला.

गिअरबॉक्सचे जुने कवच शोधून आणायला 11,500 रुपये आणि ते बदलण्याच्या मजुरीला 4,200 रुपये लागले. आरगॉन वेल्डिंग करून भागवता आले असते, पण शर्यतीत त्या जोडावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हतो. हे 15,700 रुपये आणि संचाची पूर्ण किंमत मला परत मिळावी. त्याचबरोबर प्रत्येक फाउंडेशनवर कडकपणाचा आकडा कोरावा, आणि गिअरबॉक्सचे भरीव फाउंडेशन मऊ इंजिन फाउंडेशनबरोबर वापरू नये, अशी सूचना त्याच्या खोक्यावर छापावी. माझ्यासाठी ही सूचना पैशांइतकीच महत्त्वाची आहे. माझी गाडी मोकळ्या मैदानात उभी राहिली, म्हणून कोणाला इजा झाली नाही.

वापराची पुरेशी सूचना किंवा धोक्याचा इशारा न देता विकलेल्या मालाने नुकसान झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार उत्पादकावर जबाबदारी येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. बिल, ड्युरोमीटरच्या नोंदी आणि तुटलेल्या कानाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. प्रत्यक्ष तुकडा आणि तिन्ही फाउंडेशने मी जपून ठेवली असून आपला तंत्रज्ञ इंदूरला आल्यास ती त्याला माझ्यासमोर तपासता येतील.

आपला ग्राहक,
राजेंद्रनगर, इंदूर