दिन्याची डाळ सुरू कर

प्रिय सुध्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, चूक माझीच. तब्येत बरी. लिहितोय ते दिन्यासाठी.

लिव्हर कोण देणार, यातच सगळं घर अडकलंय. माझा घोर वेगळाच आहे. मेल्ड, म्हणजे लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा आकडा, 22 आलाय; म्हणजे प्रत्यारोपण हवंच. पण बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम या रक्ततपासण्यांवरून काढलेल्या त्या आकड्यात माणसाची ताकद कुठे येते? वजन 64 भरतं म्हणून वहिनी निर्धास्त. अरे, त्यातलं पोटातलं पाणी आणि पायांची सूज वजा कर, 52 सुद्धा उरत नाही. कानशिलं बसलीत, दंडाची कातडी लोंबतेय. असा माणूस ऑपरेशन सोसेल, पण नंतर व्हेंटिलेटरवरून सुटणं आणि जंतुसंसर्गाशी झुंजणं त्याला जड जाईल.

आणि काकूंनी डाळ-अंडी बंद केलीत! भ्रम होतो म्हणून. भ्रमावर लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध आहे, दिवसाला दोन-तीनदा पोट साफ व्हायला हवं. प्रथिनं तोडली की स्नायू झडतात, आणि भ्रम आणणारा रक्तातला अमोनिया निचरायला स्नायूच मदत करतात. त्याला रोज 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं हवीत. मीठ दिवसभरात एक छोटा चमचा, पापड-लोणचं नाही. झोपताना दूध आणि लाडू द्यायचाच. रात्रभराच्या उपासात शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. मेसमध्ये त्याच्या ताटातली अंडी तू पळवायचास, त्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. आता ती सगळी व्याजासकट परत कर.

टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय; बबल एको, म्हणजे शिरेतून बारीक बुडबुडे सोडून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या रुंदावल्यात का ते बघणारी तपासणी, राहिलाय. उठून बसल्यावर दम वाढतो आणि आडवं झाल्यावर बरं वाटतं का, ते विचार. तसं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. फुप्फुसाच्या धमनीतला दाब एकोत जास्त दिसला तर कॅथेटर घालून मोजतात. सरासरी 35 मिमी पाऱ्याच्या वर असेल तर आधी औषधांनी तो उतरवावा लागतो, घाई करून चालत नाही.

ती किडकी दाढ आत्ताच दाखवायची. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या की तिथला पू अंगभर पसरू शकतो. पण गल्लीतल्या दवाखान्यात काढू नका. प्लेटलेट 48 हजार आहेत, रक्त थांबायचं नाही. हॉस्पिटलमध्येच, लिव्हरच्या डॉक्टरांना विचारून.

मुग्धाची दहावी कशी गेली? रंगकाम उरकलं का?

शनिवारी जाशील तेव्हा काकूंशी स्वयंपाकघरात बसून बोल. माझं फोनवर ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

तुझा,
बाळ्या