एकादशीचं भजन: यंदा पखवाजाविना

राम कृष्ण हरी, मंडळी. आपल्या पखवाजवाल्या काकांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. भजन मात्र ठरल्याप्रमाणे रात्री ९ वाजता देवळातच होईल.

ठेका टाळांवर धरायचा आहे. ८ मात्रांच्या भजनी ठेक्यात सम, म्हणजे पहिली मात्रा, हरवली की सगळेच पळतात, म्हणून पुढच्या रांगेतल्या दोघांनीच लय धरावी. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघत टाळ हलका ठेवावा. गजरात लय चढवू नका, पखवाज नसताना ती आवरत नाही. मोबाइलवरचा ठेका अजिबात नको, तो गाणाऱ्यासाठी थांबत नाही. पेटीचा सूर काळी दोनच, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा.

उद्या संध्याकाळी ७ वाजता तालीम, सगळे या. काका डाव्या हाताने मांडीवर ठेका देणार आहेत. पेटीशेजारची त्यांची जागा त्यांच्यासाठीच ठेवा.