तुझ्या लेखात हंडा सापडला नाही

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख मिळाला. धाकट्याने झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला, कारण मोबाईलवर वाचायला बसलो की डोळ्यांतून पाणी येतं आणि तुझी आई विचारते, काय झालं. दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा पुसला, दुसऱ्यांदा शब्दकोश काढला.

तू फोनवर म्हणालीस, "आप्पा, साधं लिहिलं की बाळबोध वाटतं. वर्गात सगळे असंच लिहितात." मी नुसतं हं म्हणालो. फोनवर मला काही सुचत नाही, हातात पेन लागतं.

तुझं पहिलं वाक्य: "जलदुर्भिक्ष्याच्या परिप्रेक्ष्यात ग्रामीण स्त्रीच्या श्रमाचे अदृश्यीकरण ही संरचनात्मक प्रक्रिया म्हणून अधोरेखित करणे अनिवार्य ठरते." हा टँकरवरचा लेख आहे हे मला तिसऱ्या पानावर कळलं. तेही आपल्याच वाडीचा टँकर! तुझी आजी ज्या रांगेत उभी राहते ती रांग. पहिली दोन पानं पालथी घातली, हंडा काही सापडला नाही.

आता तू म्हणशील, हे कोण सांगतंय? दस्तलेखक! बरोबर आहे. तीस वर्षं रजिस्ट्री कचेरीबाहेर टेबल मांडून बसलोय, आमचं पोटच मोठ्या शब्दांवर चालतं. "सदरहू मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, यावच्चंद्रदिवाकरौ", म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर, असं लिहिलं की खरेदी घेणाऱ्याला वाटतं, आपण राज्य घेतलं. असतो खडकाळ पाऊण एकर. मी नवीन होतो तेव्हा एकदा सरळ भाषेत दस्त लिहिला, तर पार्टी म्हणाली, "एवढंच? मग पैसे कशाचे?" दुसऱ्या दिवशी चार "सदरहू" आणि दोन "उपरोक्त" जास्त टाकले, पैसे मुकाट मिळाले. तुझ्या कॉलेजची फी त्या चंद्रसूर्यानेच भरली आहे, तेव्हा मी मोठ्या शब्दांना नावं ठेवणार नाही. ते काम करतात. कुणावर करतात, तेवढंच तुला सांगायचंय.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आईला माहीत आहे.

तू पहिलीत असशील. तीन भाऊ आणि त्यांची थोरली बहीण माझ्याकडे आले. हक्कसोडपत्र करायचं होतं. आपल्याकडे ते कसं होतं, तुला ठाऊकच आहे. बाप गेला की बहिणींना जेवायला बोलावतात, साडी नेसवतात आणि कचेरीत आणतात. मी दस्त लिहिला आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवला. आवाज तेव्हा खणखणीत होता. "लिहून देणार यांनी सदरहू मिळकतीतील आपला अविभक्त हिस्सा, हक्क, अधिकार व हितसंबंध राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, लिहून घेणार यांचे लाभात कायमचा सोडून दिला असे." बाई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून ऐकत होती. जशी पोथी ऐकतात तशी. वाचून झालं आणि ती म्हणाली, "लई ग्वाड वाचलंसा." मग आत जाऊन अंगठा दिला.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलंसुद्धा.

सात-आठ महिन्यांनी ती एकटीच आली, हातात सातबारा. तलाठ्याकडे नाव बघायला गेली होती, ते निघून गेलं होतं. म्हणाली, "भाऊ म्हनले मोटरीचं कनेक्शन घ्यायचंय, अंगठा लागतुय." मी म्हणालो, मावशी, मी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं होतं. तर म्हणते, "वाचलं की वो. मला वाटलं, एवढं चांगलं वाचतायत म्हंजी चांगलंच आसंल."

नोंदलेला दस्त रद्द करायचा तर दिवाणी कोर्टात दावा. वकिलाची फी, तारखा, शिवाय माहेर तुटणार. ती गेली नाही. माझ्या टेबलावरच्या मडक्यातलं पाणी प्याली आणि एसटीला गेली.

तिला विचारायला तोंड होतं ना? विचारलं का नाही? कारण मी विचारायला जागाच ठेवली नव्हती. "हितसंबंध" म्हणजे काय हे विचारायचं तर आधी आपण अडाणी आहोत हे तीन भावांसमोर आणि एका शिकलेल्या माणसासमोर कबूल करायचं. त्यापेक्षा मान डोलावणं सोपं.

तेव्हापासून मी दस्त वाचतो, मग कागद उलटा घालतो आणि म्हणतो, मावशी, आता तुम्ही मला सांगा काय लिहिलंय. "माझी दोन एकर भावाला दिली, आता मला परत मागता येत नाही," हे तिच्या तोंडून आलं तरच पुढं. काही भाऊ उठून पलीकडच्या टेबलावर जातात. जाऊ देत.

परवा धाकट्याने मला एक गंमत वाचून दाखवली. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात डॅनियल ओपेनहायमर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी २००६ साली याच विषयावर निबंध छापला. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी लिहिलेले अर्ज घेतले, त्यातले साधे शब्द काढून कोशातले लांबलचक शब्द बसवले आणि लोकांना वाचायला दिले. शब्द जितके जड, तितकं लिहिणाऱ्याविषयीचं मत खाली. देकार्त या तत्त्वज्ञाच्या एकाच मजकुराची दोन भाषांतरं वाचायला दिली, एक सोपं आणि एक किचकट. किचकट वाचलेल्यांनी लेखकाला कमी हुशार ठरवलं, लेखक देकार्त आहे हे सांगूनसुद्धा! आणि स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा शंभरातल्या ८६ जणांनी कबूल केलं की हुशार वाटावं म्हणून आम्ही निबंधात मुद्दाम अवघड लिहितो. तेव्हा तुझा वर्ग जगावेगळा नाही. त्या निबंधाचं शीर्षक प्राध्यापकांनी मुद्दाम बोजड ठेवलं होतं, आणि त्याला त्याच वर्षी इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात, ते.

धाकटा म्हणाला, झालं, ताई हरली. मी म्हटलं, थांब. ते वाचणारे सगळे विद्यापीठात शिकणारे. त्यांना शब्द कळत होते, उगाच घातलेत हेही कळत होतं, म्हणून ते फसले नाहीत. माझ्यासमोर बसणारे फसतात, मी तीस वर्षं बघतोय. म्हणजे कळणाऱ्याच्या नजरेतून आपण उतरतो आणि न कळणाऱ्याच्या नजरेत चढतो. यातल्या कुणाच्या नजरेत तुला चढायचंय?

बरं, मोठा शब्द आणि अवघड शब्द यांत घोळ करू नकोस. "पोटखराबा" हा शब्द तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना अवघड जाईल, पण आपल्याकडे न शिकलेला गडीही तो नेमका वापरतो. रानातला जो तुकडा कसता येत नाही तो पोटखराबा. त्याला दुसरा शब्द शोधलास तर तीन ओळी लागतील. "चतुःसीमा" तसाच, "वहिवाट" तसाच. असे शब्द बिनधास्त वापर, आणि एकदा काय ते सांगून टाक. पण "अधोरेखित करणे अनिवार्य ठरते" यात काय आहे? "सांगायला हवं" एवढंच. मग सांग की! राजभाषेचा कायदा १९६४ सालचा, कचेऱ्या मराठीत आल्या त्याला आता साठ वर्षं होत आली, तरी आमच्याकडे माणसं मराठी नोटीस घेऊन येतात आणि म्हणतात, "आप्पा, जरा मराठीत सांगा." त्या नोटिसा लिहिणाऱ्यांत तू जाऊन बसू नयेस एवढीच माझी धास्ती.

आणि चौथ्या पानावरचा एक परिच्छेद फार चांगला आहे. आजी रात्री हंड्यांशेजारी अंगणातच झोपते, कारण टँकर कधी येईल सांगता येत नाही आणि पाळी चुकली तर दुसऱ्या खेपेपर्यंत थांबावं लागतं, तो. तो वाचताना मी पान खाली ठेवलं. तिथं एकही शब्द तू शोधून आणलेला नाहीस.

काल रात्री जेवणं झाल्यावर सगळा लेख आजीला वाचून दाखवला. पहिली तीन पानं ती हात जोडून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "लई ग्वाड लिवलंय पोरीनं." चौथं पान सुरू केलं तशी ती सरसावून बसली आणि मला मध्येच थांबवलं. "सहा हंडं कुटलं? घरटी चारच देत्यात. आन् मी अंगनात न्हाई झोपत, ओट्यावर झोपते, अंगनात इच्चू निघत्यात. लिव तिला."

म्हणून लिहितोय. चार हंडे, आणि ओटा. दुरुस्त कर. कागदावर पेन्सिलने खुणा केल्या आहेत, त्या धाकटा फोटो काढून पाठवेल. दिवाळीला येताना आईसाठी गुडघ्याचं ते तेल आण, इथं मिळत नाही.

तुझे
आप्पा