होडी उतरवण्याची जागा ठरवा, नियम लेखी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या आसपासच्या जलाशयांवर सुट्टीच्या दिवशी स्वतःची छोटी होडी घेऊन मासे धरायला जाणारी कुटुंबे आता अधूनमधून दिसू लागली आहेत. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक आहे. माझी सासुरवाडी दारणा धरणाच्या काठाजवळ असल्याने आमची चौदा फुटी, वल्ह्यांवर चालणारी फायबरची होडी गेली नऊ वर्षे मेहुण्यांच्या शेतातील शेडमध्ये असते आणि दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत आम्ही चौघे तिथल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांना विचारून एखाद्या रविवारी पाण्यावर जातो. या अनुभवातून काही गोष्टी आपल्या वृत्तपत्रामार्फत प्रशासनापुढे आणि इतर होडीधारकांपुढे मांडाव्यात, म्हणून हे पत्र.

गेल्या एप्रिलमध्ये काठापासून दीड-दोनशे मीटर आत गेलो असताना माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, माझी चप्पल तरंगतेय." खाली पाहिले तर तळाशी घोटाभर पाणी होते. मुलगा आणि मी वल्ही मारू लागलो, पत्नी आणि मुलीने पाणी डब्याने उपसून काढले आणि पंधरा-वीस मिनिटांत आम्ही काठाला लागलो. चौघांच्याही अंगात लाइफ जॅकेट होते, त्यामुळे कोणी घाबरून उभे राहिले नाही. छोट्या होडीत एक माणूस अचानक उभा राहिला तरी ती कलंडू शकते, हे पाण्यावर वावरणाऱ्यांना ठाऊक आहे.

होडी पालथी केल्यावर तळाच्या कण्यालगत वीतभर लांबीची, केसासारखी बारीक भेग सापडली. चूक माझीच होती. त्याआधीच्या पावसाळ्यात शेडचे पत्रे बदलायचे होते, म्हणून होडी दोन महिने अंगणात उताणी पडून राहिली, तीही तळाचे पाणी सोडायचे बूच लावलेली. ती पावसाने काठोकाठ भरली, सारा भार तळाखालच्या एकाच दगडावर आला आणि तिथे फायबर तडकले. दिवाळीत मला ती रेघ दिसली होती, पण नेहमीचा ओरखडा समजून मी वरून रंग मारला.

तेव्हापासून पाळत असलेली पद्धत इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पावसाळ्यात होडी पालथीच ठेवावी, खाली दोन-तीन जुने टायर द्यावेत आणि ताडपत्री अंगाला न चिकटवता वारा खेळेल इतकी वर बांधावी. हंगामापूर्वी संपूर्ण तळ रुपयाच्या नाण्याने ठोकत जावे. धड भागातून टणटणीत आवाज येतो, थर सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. भेग सापडल्यास नुसता रंग न लावता कडेचा भाग घासून, पूर्ण वाळवून, मॅट (काचतंतूंचे कापड) आणि रेझिन (वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे थर द्यावे लागतात. ओलसर फायबरवर रेझिन नीट धरत नाही. बैठकीखालचा फोम पाणी प्यायला आहे का, हेही पाहावे, कारण होडी भरली तरी तिला तरंगती ठेवण्याचे काम त्याचेच असते. इंजिनवाल्यांनी पावसाळ्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओल शोषते आणि पुढच्या हंगामात इंजिन नेमके भर पाण्यात बंद पडते. पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या गंगापूरसारख्या जलाशयात हौसेची इंजिने असूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र घरची काळजी कितीही घेतली तरी काठावरचा प्रश्न सुटत नाही. दिवाळीला भरलेला जलाशय मेपर्यंत खूप खाली जातो आणि पाण्यापर्यंत पोहोचायला गुडघाभर गाळ तुडवावा लागतो. गंगापूर धरणाची मूळ साठवण क्षमता ७.२ टीएमसी (अब्ज घनफूट) होती, ती गाळामुळे सुमारे ५.६ टीएमसीवर आली आहे, यावरून काठावरच्या गाळाची कल्पना यावी. अशा चिखलातून होडी ओढताना तळ दगडांवर घासतो आणि परतताना वारा सुटला तर कुठे लागावे हेच कळत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपार कलल्यावर वारा किती झपाट्याने फिरतो, याची आठवण करून देण्यासाठी २१ मे २०२४ ची उजनी धरणाच्या जलाशयातील दुर्घटना पुरेशी आहे. कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलेही होती.

आपल्या होडीसाठी लागणारी परवानगी रीतसर घ्यावी म्हणून मी तीन कार्यालयांत गेलो. एकाने पाणी आमचे पण होडी आमची नाही असे सांगितले, दुसऱ्याने मासळीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असल्याचे सांगितले, तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली नाही. मच्छीमार संस्थेचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. मत्स्यबीज सोडण्याचा खर्च आणि राखणीचे कष्ट त्यांचे आहेत, तेव्हा गळावर लागलेल्या रोहू-कटल्यासाठी शुल्क देण्यास कोणाही हौशी माणसाची हरकत नसावी. पण विचारायचे कोणाला, हेच स्पष्ट नसल्याने अनेक जण पहाटे किंवा अंधार पडता पडता, जॅकेटशिवाय, कुठूनही होडी ढकलतात, आणि धोका तिथेच वाढतो.

म्हणून विनंती अशी की, जिल्हा प्रशासनाने संबंधित खाती आणि मच्छीमार संस्था यांना एकत्र बसवून, ज्या जलाशयांत कौटुंबिक होड्यांना मुभा देता येईल त्यांची यादी जाहीर करावी. नांदूरमध्यमेश्वरसारखे पक्षी अभयारण्य त्यातून अर्थातच वगळावे. यादीतील प्रत्येक जलाशयावर पाणी उतरले तरी वापरता येईल असा एक दगडी उतार बांधावा, दिवाळीनंतर एक दिवस होड्यांच्या तळांची तपासणी ठेवावी, जॅकेट सक्तीचे करावे, दुपारी तीननंतर होडी उतरवू देऊ नये आणि रोहू-कटल्याच्या विणीचा पावसाळा पूर्ण बंद ठेवावा. शुल्क आणि माणसांची मर्यादा काठावरच्या फलकावर मराठीत लिहावी.

आमच्या होडीची भेग सातपूरच्या एका फायबर कारागिराने बुजवून दिली आहे आणि सध्या ती शेडमध्ये टायरांवर पालथी आहे. पोच न मिळालेला अर्ज मी या आठवड्यात स्पीड पोस्टाने पुन्हा पाठवत आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक